नजम्यातली शुक्रवारची दाढी

कतारहून आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "काय काय पाहिलंत, मावशी?" आणि मी तोंड उघडायच्या आत पुढचं स्वतःच सांगतो. काचेचे मनोरे, फुटबॉलची मैदानं, मॉलमधले कालवे. मोबाइलमध्ये सगळ्यांनी सगळं आधीच पाहिलेलं असतं. मी म्हणते, पाहिलं रे बाबांनो, मान दुखेपर्यंत पाहिलं. पण मी मनोरे पाहायला गेले नव्हते. नातीला भेटायचं निमित्त होतं, आणि खरं काम वेगळंच होतं.

ते काम यांचं. माझे यजमान, सॅम्युअल साळवे. ऐन उमेदीतली वर्षं यांनी दोह्यात एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर म्हणून काढली. ती नोकरी पोटासाठी, आणि शुक्रवार देवासाठी. तिकडे सुट्टी शुक्रवारची, म्हणून रविवारची उपासना शुक्रवारी. नजमा भागातल्या आमच्या दोन खोल्यांत मराठी मंडळी जमायची. मंडळी म्हणजे काय, तर एक गवंडी, दोन नर्स, एक सुतार आणि कधीमधी चुकून आलेला एखादा कोकणी कॅथलिक. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून खिडक्या लावून, हळू आवाजात गायचं. पेटी पलंगाखाली ठेवलेली असे. ना पगार, ना पदवी. हेच पाळक, म्हणजे पाद्री, हेच सतरंजी झटकणारे.

वीसेक वर्षांपूर्वी आम्ही नगरला परत आलो. दोन वर्षांपूर्वी हे गेले. शेवटच्या आठवड्यात मी उशाशी बसले होते, तर हे म्हणाले, "तिथं काही उरलं असेल का गं?" मी म्हटलं, "उरलं असेल की. न उरायला काय झालं?" ते हसले. माझं बोलणं त्यांना पटलेलं नव्हतं, हे मला कळलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात तेवढं कळतं.

म्हणून करुणाने, माझ्या लेकीने, "आई, आता तरी ये" म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं. काही उरलंय का ते एकदा बघून यायचं होतं.

द पर्ल

करुणा राहते त्या बेटाचं नाव द पर्ल. समुद्रात भर घालून केलेलं बेट. खाली नावा बांधलेल्या, वर घरं, आणि सगळ्या इमारतींना एकच रंग, भिजवलेल्या मुलतानी मातीसारखा. दुसऱ्याच दिवशी मी दूध आणायला म्हणून खाली उतरले आणि हरवले. सगळे दरवाजे सारखे, सगळे वॉचमन सारखे, माझ्या पायात घरातली चप्पल आणि हातात पिशवी. शेवटी एका फिलिपिनो मुलीने माझ्या फोनवरून करुणाला फोन लावून दिला. तिचे आभार मानताना "शुक्रन" म्हणाले तर ती म्हणाली, "वेलकम, मदर." वीस वर्षांनी तोंडातून शब्द बरोबर निघाला याचाच मला आनंद.

नात तारा सात वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. मी म्हणते, "ताराबाई, चटणी तिखट लागली का?" ती म्हणते, "नॉट दॅट मच, आजी," आणि डोळ्यांतून पाणी. मी नगरहून बाजरीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. खसखस मात्र नेली नाही. ती तिकडे चालत नाही, अंमली पदार्थांत धरतात, हे करुणाने फोनवर मला इतक्यांदा सांगितलं होतं की विमानतळावर जवळ काहीएक नसताना मी दोनदा पिशवी उपसून पाहिली.

मेट्रोतही बसले. चकाचक. मी समोर आला त्या डब्यात शिरले आणि रुंद खुर्चीत फतकल मारून बसले. थोड्या वेळाने एक माणूस अदबीने येऊन म्हणाला, हा गोल्ड डबा आहे, तिकीट वेगळं असतं. करुणा लाजेने लाल. मी म्हटलं, "अगं, नगरच्या एस्टीत पुढची सीट मिळाली की बसायचं असतं. सोन्याची की पितळेची, कोण बघतं?"

हसण्याखिदळण्यात दिवस जात होते, पण यांचा विषय निघाला की करुणा उठून कपड्यांच्या घड्या घालायला लागायची. एकदा मी सरळ विचारलं. घडी घालता घालताच म्हणाली, "आई, बाबा चांगले होते. पण आम्हाला सुट्टीचा एकच दिवस असायचा, आणि तो दिवस लोकांचा होता. बाकीच्या मुली वडलांबरोबर समुद्रकाठी कॉर्निशवर सायकल चालवायच्या. मी गॅलरीत उभी राहून बाबा कधी येतात ते बघायची. आणि एवढं करून झालं काय? कोण उरलंय?"

तोच प्रश्न घेऊन तर मी आले होते.

उपासना

पहिला शुक्रवार उजाडला. आता तिकडे सगळ्या चर्चना मिळून गावाबाहेर एक मोठी जागा दिलेली आहे. बाहेरून क्रूस नाही, घंटा नाही. आत शिरलं की जत्रा. बसमागून बस येते. तामिळ, तेलुगू, मल्याळी, नेपाळी, तगालोग, प्रत्येकाला वेगळा हॉल आणि ठरलेली वेळ. एकाचं शेवटचं गाणं संपतं न संपतं तोच दारात दुसरे उभे. बायका जरीच्या साड्यांत, पोरांच्या केसांना तेल. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आमच्या वेळी खिडक्या लावून गायचो, आणि इथे ढोलकी वाजतेय.

दारातल्या सेवेकऱ्याला, जॉर्ज नावाच्या एका वयस्क मल्याळी माणसाला, मी विचारलं, "भाई, मराठी उपासना कौनसे हॉल में है?"

"मराठी?" त्याने आठवून पाहिलं. "पहले था, माजी. लोग कम हो गए. बहुत साल हुआ, बंद है. आप हिंदी में बैठिए ना, हिंदी बहुत अच्छा है."

हिंदीत बसले. उपदेश चांगला होता, असं करुणा म्हणाली. मला एक अक्षर आठवत नाही. मी एकेक करून माणसांची तोंडं बघत होते, एखादं तरी ओळखीचं निघेल म्हणून. एकही नाही. नर्स कॅनडाला गेल्या, सुतार वारला, गवंडी कुठे गेला कोण जाणे. आमच्या दोन खोल्यांतलं एवढंसं झाड मुळासकट गेलं होतं. गाणं चालू असताना मी पदर तोंडाला लावून रडले. करुणाने पाठीवर हात ठेवला. "बघ, मी सांगत होते" असं तिने म्हटलं नाही, हे तिचे उपकारच.

अल खोरचा रस्ता

आई रडली म्हणून लेकीने दुपारी फिरायला न्यायचं ठरवलं. जावई ऑफिसच्या कामाने बाहेरगावी, म्हणून नामदेवला बोलावलं. नामदेव लातूरकडचा, अहमदपूरचा. एका कंपनीची गाडी चालवतो, आणि सुट्टीत मालकाच्या परवानगीने करुणासारख्यांच्या घरची कामं करतो. बायको-पोरं गावाकडे. चाळिशी ओलांडलेला, गोल चेहऱ्याचा, गळ्यात तुळशीची माळ. उजवा हात कोपराशी जरा वाकडा.

"यल्ला, चला मावशी, बसा. पट्टा लावा बगा, न्हाईतर क्यामेऱ्यात फोटो निघून दंड पडतोय," असं म्हणून त्याने गाडी काढली.

अल खोर उत्तरेला. रस्ता म्हणजे फूटपट्टीने मारलेली रेघ. दोन्हीकडे पिवळट माती, मध्येच उंटांचा कळप, मध्येच काहीच नाही. आपल्याकडे रस्त्याने जाताना काहीतरी सारखं दिसत असतं, रसवंती, टपरी, लग्नाचा मांडव. इथे बघायला काही नाही म्हणून माणूस बोलत राहतो. नामदेव तर बोलायलाच बसलेला. लेकीची बारावी, विहिरीचं पाणी, कंपनीतला नवीन सुपरवायजर. कुठलीही गोष्ट संपली की "खलास" म्हणायचा आणि दुसरी काढायचा.

तिथे खाडीत तिवराची झाडं आहेत. वाळवंटात एवढं हिरवं बघून डोळे निवले. उथळ पाण्यात गुलाबी पाय टाकत रोहित पक्षी चाललेले. तारा ओरडली, "आजी, लुक! पिंक!" गाडीच्या सावलीला मी डबा उघडला. भाकरी, चटणी, कांदा. नामदेव आधी नको-नको म्हणत होता. एक घास घेतला आणि तोंड फिरवून खाडीकडे बघायला लागला.

"काय रे, तिखट झालं का?"

"न्हाई मावशी. घरच्या चुलीवरची भाकरी खाल्ल्यागत झालंय. लई दिवसांनी."

परत निघालो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दोह्यात शिरताना तो आरशातून बघत म्हणाला, "ताई, एक इचारू का? वाटेत नजम्यात जरा थांबलं तर चालंल का? शुक्रवार हाय. एका माणसाची दाढी करायचीय."

"कुणाची?" मी विचारलं.

"हाय एक नेपाळी. दोन्ही हात मोडलेत. दवाखान्यातून सोडलंय, पन दाढी कशी करनार बिचारा?"

मी करुणाकडे पाहिलं तर तिनेही माझ्याकडे पाहिलं.

इथे मला थोडं मागचं सांगायलाच हवं. यांच्या कंपनीतली माणसं पडायची, झडायची, दवाखान्यात पडून राहायची. शुक्रवारी उपासना झाली की हे भेटायला जात. एकदा जालन्याचा एक फिटर होता, दोन्ही हात प्लास्टरमध्ये. यांनी विचारलं, तुझ्यासाठी प्रार्थना करू का? तो म्हणाला, "साहेब, प्रार्थना नंतर करा, आधी ही दाढी काढा हो, खाजून जीव चाललाय." हे तसेच उठले, घरी येऊन आपलं दाढीचं सामान घेऊन गेले. त्या दिवसापासून दर शुक्रवारी एका पिशवीत शास्त्र, म्हणजे बायबल, आणि दुसऱ्या पिशवीत ब्रश, साबण, टॉवेल. मी चिडवायची, "तुम्ही पाळक की न्हावी?" ते म्हणायचे, "जे लागेल ते."

नजमा

नजमा तसाच आहे. पर्लमधून आलेल्याला वाटेल दुसऱ्या देशात आलो. अरुंद गल्ल्या, एकेका खोलीत सात-आठ जण, गॅलऱ्यांतून वाळत घातलेल्या लुंग्या, खाली कॅफेटेरिया. एसीचं पाणी डोक्यावर ठिबकतं तेसुद्धा तेच. आमची इमारत पाडून तिथे आता टायरचं दुकान झालंय. मी तिकडे फार वेळ पाहिलं नाही.

नामदेवने आम्हाला एका कॅफेटेरियाबाहेर बसवून कारक चहा सांगितला. कारक म्हणजे आटवलेल्या दुधाचा, वेलची घातलेला दाट चहा. शेजारीच इमारतीचं मोकळं आवार. तिथे प्लॅस्टिकच्या खुर्चीत तो नेपाळी बसलेला. पन्नाशीचा, डोईचे केस पिकलेले, दोन्ही हात पांढऱ्या प्लास्टरमध्ये पुढे धरलेले, आणि गालांवर दाढीचं रान. आम्हा बायकांना पाहून उठायला लागला. मी हातानेच बस म्हटलं.

नामदेवने रंगाचा रिकामा डबा पालथा घातला आणि त्यावर बसला. यांनीही दवाखान्यात कधी उभ्याने दाढी केली नाही. स्टूल ओढून घ्यायचे. म्हणायचे, आजाऱ्याला आधीच सगळे वरून बघत असतात.

थर्मासमधल्या गरम पाण्यात टॉवेल बुडवून पिळला. साबण नाही, वस्तरा नाही, आधी गरम टॉवेल गालांवर दाबून धरला. मग म्हणाला, "भाई, घर में क्या बुलाते हैं आपको?"

मी चहाचा कप खाली ठेवला. हाच प्रश्न! कंपनीत हे नाव, पासपोर्टात ते नाव, वॉर्डात पलंगाचा नंबर. म्हणून हे प्रत्येकाला हेच विचारत, घरी काय म्हणतात तुला?

नेपाळी लाजला. "कान्छा," म्हणाला. "सबसे छोटा, इसलिए."

"तो कान्छा, मूछ रखनी है?"

"रखनी है."

मग सावकाश दाढी झाली. दाढी झाल्यावर हे आणखी एक करत, ते येतंय की नाही म्हणून मी बघत बसले होते. मनात म्हणत होते, देवबापा, एवढं दिसू दे. नामदेवने तोंड पुसलं, खोबरेल तेलाचा थेंब गालांना लावला. मग उठला, आपला वाकडा उजवा हात कान्छाच्या डोक्यावर ठेवला आणि उभा राहिला. काही बोलला नाही. कान्छाने डोळे मिटले. एक-दोन श्वास गेले असतील. हात काढला आणि म्हणाला, "खलास."

मला हुंदका आवरेना. करुणाने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

सामान धुऊन तो आला तेव्हा मी विचारलं, "नामदेवा, ते शेवटी डोक्यावर हात कशाला ठेवलास रे?"

"ते व्हय? काय म्हाईत, मावशी. ठेवायचा असतोय."

"पण तुला शिकवलं कुणी?"

"मी आधी बांधकामावर होतो, परांचीवरून पडलो तवा हा हात मोडला. तवा कोयाभाई म्हनून एक मल्याळी प्लंबर होता, त्यानं माझी दाढी केली, अशीच. त्यो हात ठेवायचा. म्या म्हनलं हे कशाला, तर म्हनला, त्याबिगर दाढी पुरी होत न्हाई." तो हसला. "बरं वाटतंय बगा मानसाला. मी तर रडलो होतो त्या दिवशी, खोटं कशाला बोलू."

"आणि कोयाभाईला कुणी शिकवलं?"

"त्याचीबी कुनीतरी केली असंल की."

करुणा पुढे झाली. "आई, सांग ना त्याला!"

मी मान हलवली. माझ्या जिभेवर आलं होतं, का नाही येणार? पण सांगितलं असतं तर नामदेव माझ्या पाया पडला असता, आणि पुढच्या शुक्रवारपासून ती साळवेसाहेबांची दाढी झाली असती. आता ती कान्छाची होती. शिवाय तो हात म्हणजे यांची प्रार्थना होती. तिथे मोठ्याने प्रार्थना करणं बरं दिसत नसे, कुणावर आपला धर्म लादतोय असं वाटायला नको, म्हणून हे मनातल्या मनात करत. ती एका मुसलमान प्लंबरच्या हातून एका विठोबाच्या भक्ताच्या हातात आली होती, आणि एका नेपाळ्याच्या डोक्यावर टेकली होती. कुणालाच ठाऊक नव्हतं. मी मध्ये बोलून काय करणार होते?

मी एवढंच म्हटलं, "नामदेवा, असाच ठेवत जा हो हात."

"ठेवनारच की, मावशी."

गाडीत करुणा खिडकीबाहेर बघत होती. पर्लचा पूल आला तेव्हा बोलली. "आई, बाबा माझ्या डोक्यावर असाच हात ठेवायचे. झोपताना. मला वाटायचं, ते फक्त माझं आहे." आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "तेही त्यांनी सगळ्यांना वाटून टाकलं होतं."

"वाटलं खरं," मी म्हटलं, "पण आधी तुझंच होतं. तू तीन वर्षांची असताना तापाने फणफणलीस. गाडी नव्हती, डॉक्टर येईना. हे तुझ्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले. तोंडातून शब्द निघेना त्यांच्या. ताप उतरला. तेव्हापासून तुझ्या डोक्यावरचा हात कधी चुकला नाही. दवाखान्यात नेला तो त्यानंतर. मला म्हणाले होते, करुणाला जो दिला तोच देतो, माझ्याजवळ दुसरा कुठे आहे?"

ती रडायला लागली. ताराने विचारलं, "मम्मा, व्हाय आर यू क्रायिंग?" करुणाने ताराच्या डोक्यावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही.

नगर

पुढच्या शुक्रवारी करुणाने स्वतः थर्मास भरला, दोन नवे टॉवेल घातले आणि नामदेवकडे पिशवी दिली. त्याच संध्याकाळी माझं विमान होतं. विमानतळावर ती वाकली ती नुसती मिठी मारायला, पण मी हात तिच्या डोक्यावर ठेवला. लोकांच्या गाड्या मागे हॉर्न वाजवत होत्या. वाजवू देत म्हटलं.

घरी आले त्या रविवारी उपासना झाल्यावर कबरस्तानात गेले. पाऊल टाकताच तगरीची फुलं पायाखाली. गवत उपटलं, दगड पुसला, खाली बसले. तुमचा प्रश्न घेऊन गेले होते, म्हटलं, उत्तर आणलंय, ऐका.

"मंडळी नाही उरली हो. दाढी उरलीय."